नावाचीच माती

आमची मुलगी सुट्टीत पॉलिमर क्लेची कानातली करू लागली. क्ले म्हणजे माती, म्हणून आम्ही तिला शाडूचीच बहीण समजलो. प्रत्यक्षात ते पीव्हीसी प्लास्टिक. मऊ राहावे म्हणून त्यात रसायन मिसळलेले असते.

एका रविवारी लवकर आटोपावे म्हणून आम्ही ओव्हनचा काटा 200 वर नेला. "बाबा, पाकिटावर 130 आहे," असे ती म्हणतही होती. (जन्मभर आकडे लिहिणाऱ्याची ही तऱ्हा!) कानातली काळी पडली, डोळे चुरचुरले, धाकट्याला खोकल्याची उबळ आली. पीव्हीसी करपले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो; डोळ्यांच्या, घशाच्या ओलाव्यात त्याचे आम्ल होते. ओव्हन बंद करून, खिडक्या उघडून आम्ही सगळे गॅलरीत जाऊन बसलो.

ओव्हनच्या काट्यावर आता आमचा विश्वास नाही. आत वेगळा थर्मामीटर ठेवतो. खिडकी उघडी असते. त्या कामाचे लाटणे, सुरी, ताटली वेगळी. स्वयंपाकघरातले काही मागायचे नाही, असे हिने बजावले आहे. हात साबणाने धुतल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही.

धाकटा मात्र ओव्हन लावला की अजूनही आधी गॅलरीत जाऊन बसतो.