त्रिधारी दांड्याचा नियम

पावसाळ्यानंतर पाणी ओसरू लागलं की भोपाळचा मोठा तलाव बिशनखेडीच्या बाजूला चिखलाचा रुंद पट्टा मोकळा करतो. 2002 पासून रामसर यादीत असलेल्या या भोज पाणथळीवर लोक येतात ते पक्ष्यांसाठी, सारस दिसला तर दिवस सार्थकी. गळ्यात दुर्बिणी अडकवलेल्या त्या मंडळींना, मी लव्हाळे ओळखायला आलेय, हे सांगताना मला ओशाळल्यासारखंच झालं.

सोबत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक काका होते. "नुसतं बघू नकोस, चिमटीत धरून फिरव," ते म्हणाले. फिरवलं, आणि बोटांना तीन कडा लागल्या! गवताचा दांडा गोल, पेरांचा, बहुधा पोकळ. मुस्तक कुळातला, म्हणजे लव्हाळ्यांचा, बहुधा त्रिधारी, आतून भरीव. पानं तीन रांगांत आणि त्यांचा तळ दांड्याभोवती बंद नळीसारखा. नियम हाती आल्यावर तासभर मी दिसेल तो दांडा फिरवत सुटले.

मग घोटाभर पाण्यात एक झुपका दिसला. दांडे गुळगुळीत गोल, पान म्हणावं असं एकही नाही, आणि फुलोरा शेंड्याला नसून मध्येच, बाजूने फुटलेला.

"हाही त्याच कुळातला," काका शांतपणे म्हणाले.

"अहो, पण तीन कडा?"

शोनोप्लेक्टस आर्टिक्युलेटस. त्याचा खरा दांडा फुलोऱ्यापाशीच संपतो. वर दांड्यासारखं सरळ उभं दिसतं ते फुलोऱ्याखालचं पान, म्हणजे छद. काकांनी दांडा उभा चिरून दाखवला, तर आत आडवे पडदे, एकावर एक. हे उभ्याउभ्या पाहून कुणाला कळावं?

काठावरचे सायपेरस तर त्याहून छळवादी. गावकरी सगळ्यांनाच मोथा म्हणतात आणि मला ते अगदी पटतं. पण खऱ्या मोथ्याला जमिनीखाली सुगंधी गाठी असतात. शेजारच्या पिवळसर कणिशकांच्या सायपेरस आयरियाला नुसती तंतुमुळं. म्हणजे वर बघायचं सोडून चिखलात हात घालायचा. सायपेरसची तुषं दोन रांगांत, त्याच कुळातल्या फिम्ब्रिस्टायलिसची बहुधा सर्पिल. शेवटचा निवाडा जेमतेम मिलिमीटरभराच्या फळावर: किंजल्क तीन असतील तर फळ तिधारी, दोन असतील तर चपटं. भिंग धरलेला माझा हात थरथरत होता, त्यामुळे दोनाचे चारही दिसले.

त्यात इथला कोण आणि परका कोण, हा वेगळाच घोळ. बागांमधल्या कुंडीतला छत्रीसारख्या पानांचा सायपेरस मूळचा आफ्रिकेतला. तोच पाण्याकाठी उगवलेला दिसला असता तर मी त्याला बिनदिक्कत भोपाळी म्हटलं असतं.

काकांची ताकीद एकच: पिकलेलं फळ मिळालं नाही तर वहीत जातीचं नाव लिहायचं नाही. त्या दिवसाच्या पानावर म्हणून बहुतेक ओळी अशा आहेत: सायपेरस, त्रिधारी, फळ कच्चं, नोव्हेंबरात पुन्हा बघणे.