मोगलाईचं मूळ

छत्रपती संभाजीनगर, गुरुवार

ती. आबा,


काल रात्री सुखरूप पोचले. फोन होताच, पण फोनवरचं कानातून जातं आणि कागद ट्रंकेत राहतो, असं तुम्हीच म्हणता. आज बीबी का मकबरा पाहिला. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना त्याची बायको दिलरसबानू वारली, तिचा. खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे. आणेसुद्धा सोडले नाहीत बघा! संगमरवर कमरेच्या वर गेला की संपतो, पुढं घुमटापर्यंत नुसता चुन्याचा गिलावा. आजीला सांगा, ताजमहालाची हौस अर्धी फिटली. खरं बघायचं आहे ते उद्या.

खुलताबाद, शुक्रवार

ती. आबा,

सकाळी दौलताबादचा घाट चढून आले. औरंगजेबाची कबर झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात आहे. वर छप्पर नाही, मधल्या मातीत सब्जा लावलेला. सगळी गर्दी तिथंच. मी रस्ता ओलांडून समोर बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात गेले. तिथं आपला निजाम आहे.

आपला म्हणजे पहिला, मीर कमरुद्दीन असफजाह. लाल दगडाच्या जाळीआड तो आणि त्याची बेगम. मी जाळीला नाक लावून बघत राहिले. चादर, तिच्यावर वाळून काळपट झालेल्या गुलाबाच्या पाकळ्या, आणि उन्हानं उमटवलेली जाळीची नक्षी. एवढंच. त्याच आवारात मुलगा नासिरजंग. हा १७४१ मध्ये बापावर उलटला होता. औरंगाबादेजवळ बापलेकांची लढाईच झाली.

आजी सोलापूरकडची. आपल्या जळकोटात लग्न ठरलं तेव्हा 'पोरगी मोगलाईत दिली' म्हणून तिच्या गावच्या बाया हळहळल्या, हे ती अजून ऐकवते. राज्य होतं निजामाचं, मग मोगलाई कशी? लहानपणापासूनचं माझं हे कोडं त्या जाळीपाशी सुटलं. १७२४ मध्ये शकरखेड्याला, म्हणजे बुलढाण्यातल्या आजच्या साखरखेर्ड्याला, प्रतिस्पर्धी मुबारिजखानाला मारून आपला निजाम दख्खनचा धनी झाला. बाजीरावानं १७२८ मध्ये पालखेडला दाणापाणी तोडून कोंडला तो हाच. पण दिल्लीशी उघड फारकत त्यानं कधी घेतली नाही. मरेपर्यंत कागदोपत्री मोगलांचा सुभेदार, नाणीही बादशहाच्या नावाची. दिल्लीची मोगलाई बुडाली, आपल्या नळदुर्ग-जळकोटाकडची मात्र बोलण्यात तशीच राहिली. 'ही काय मोगलाई लागून गेली का?' असं तुम्ही आम्हाला दटावायचा, ते वेगळंच!

हा पहिला निजाम बुऱ्हाणपुरात वारला १७४८ मध्ये. त्याला दोनशे वर्षं झाली त्याच साली, १३ सप्टेंबरला सकाळी नवाच्या सुमारास, बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेऊन भारतीय फौजेचे रणगाडे नळदुर्गावरून आपल्या जळकोटात आले. दुपारी ते उमरग्यात होते. १७ तारखेला सातव्या निजामानं हात टेकले. पुस्तकांत जळकोट एका ओळीत उरकतं, पण त्या ओळीच्या कडेला सात वर्षांचे तुम्ही उभे होता.

कबरीपाशी मला राग यावा असं वाटत होतं, तो काही आला नाही. भूकच लागली.

रविवारी रात्री पोचते. तोवर एक आठवून ठेवा. रणगाडे आले तेव्हा तुमच्या हातात काय होतं? मागच्या दिवाळीला मुगाच्या शेंगा म्हणालात, त्याआधी भाकरी.

तुमची,
मोठी नात