सोन्याच्या करंड्यातील खापऱ्या

ज्ञानाच्या खरेखोटेपणाचा निवाडा मानवी बुद्धीनेच करावा असे मानणारा तो बुद्धिवाद, आणि इंद्रिये व तर्क यांच्या पलीकडचे सत्य थेट जाणता येते असे मानणारा तो अतींद्रियवाद, अशी विभागणी रूढ आहे; तिच्या एका बाजूला देकार्त व स्पिनोझा येतात, दुसऱ्या बाजूला एमर्सन व थोरो, आणि महाराष्ट्रापुरते पाहिले तर एकीकडे समाजसुधारक आगरकर व दुसरीकडे अवघी संतपरंपरा. नालासोपाऱ्याच्या, म्हणजे प्राचीन सोपाऱ्याच्या, परिसरात मात्र ही विभागणी फार वेळ टिकत नाही.

तेथून जवळच भुईगावी 1956 साली अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. या लेखाच्या अन्यत्रच्या पूर्ण प्रतींनुसार आजारपण, विवाह, अपत्यजन्म व प्रवास या प्रसंगी होणारे मंगलविधी अल्पफल ठरतात आणि दास-सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर करणे हे खरे मंगल ठरते. येथवर आगरकरांनाही मान डोलवावी लागली असती. पण काही प्रतींत पुढे असेही येते की विधींचे फळ संशयास्पद असते, तर धम्माचरणाचे फळ इहलोकी न मिळाले तरी परलोकी मिळते. विधींना लावलेली फळाची कसोटी अशा रीतीने जेथे ती कोणालाच लावता येणार नाही तेथे नेऊन ठेवली जाते.

याहून अवघड प्रकरण बाहियाचे आहे. पाली ‘उदान’ ग्रंथातील हा बाहिय सुप्पारकात, म्हणजे सोपाऱ्यात, समुद्रकाठी राहणारा वल्कलधारी साधू. लोकांच्या आदरामुळे आपण अर्हत, म्हणजे मुक्त पुरुष, असावे असे त्याला वाटू लागले, तेव्हा एका देवतेने त्याचा हा भ्रम दूर करून त्याला श्रावस्तीला बुद्धाकडे धाडले. (भ्रमनिरासाचे काम देवतेकडे सोपवणे बुद्धिवाद्याला रुचणार नाही.) भिक्षेला निघालेल्या बुद्धाने दोनदा नकार दिला व तिसऱ्यांदा उपदेश केला, त्याचा आशय एवढाच की जे दिसते त्यात दिसण्यापलीकडे आणि जे ऐकू येते त्यात ऐकण्यापलीकडे स्वतःचे काही मिसळू नये. हा उपदेश कोणत्याही अनुभववाद्याने, म्हणजे इंद्रियानुभवालाच ज्ञानाचा पाया मानणाऱ्याने, सहज उचलावा असा आहे. तरीही तेवढ्याने बाहिय तत्क्षणी मुक्त झाला, लवकरच वासरू सोबत असलेल्या गाईच्या हल्ल्यात मरण पावला, आणि कथेच्या अखेरीस जेथे पृथ्वी, आप, तेज व वायू यांना थारा नाही व सूर्यचंद्रही नाहीत अशा स्थितीचे वर्णन येते. दिसते तेवढ्यावरच थांबलेला माणूस सर्व दिसण्याच्या पलीकडे कसा पोहोचला, हे कथा उलगडत नाही.

संशोधक पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली सोपाऱ्यात ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी टेकडी खणली, तेव्हा आतील स्तूपात एकात एक ठेवलेले करंडे निघाले आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याच्या 13 खापऱ्या होत्या. त्यांनी त्या मोजल्या, सोबतच्या सातवाहन नाण्यावरून काळाचा विचार केला आणि हे बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून पुरले गेले असावेत असे अनुमान काढले. हे अनुमान तर्कशुद्ध आहे, परंतु सोन्यात खापर ठेवणाऱ्यांची श्रद्धा गृहीत धरल्याखेरीज ते निघत नाही. बाहियाच्या शिस्तीने पाहायचे तर तेथे केवळ खापऱ्या उरतात. मग दिसण्यापलीकडे गेला तो संशोधक, आणि दिसण्यापाशी थांबला तो मुमुक्षू, असे उलटेच चित्र उभे राहते.

अर्थात बाहियाची कथा आणि हा करंडा यांना जोडणारे गावाच्या नावाखेरीज काहीही नाही, कथा सोपाऱ्यात रचली गेल्याचाही पुरावा नाही. तेव्हा ही जोडणी स्वतःच दिसते त्यात मिसळलेली भर ठरते, आणि ती बुद्धीने घातली की बुद्धीच्या पलीकडच्या कशाने, हे वरच्या दोन व्याख्यांच्या आधारे ठरवता येत नाही.