घडीची मांडणी

बदलीच्या नोकरीतल्या घरात सर्वांत जास्त हाताळली जाणारी वस्तू म्हणजे पुठ्ठ्याचे खोके. दर तीन वर्षांनी ते माळ्यावरून खाली येते, त्यावरचा जुना पत्ता खोडून नवा लिहिला जातो आणि सामान लागले की ते पुन्हा माळ्यावर जाते. लाकडी कपाटाचे नशीब इतके चांगले नसते. ट्रकमधून उतरवताना दर वेळी त्याचा एखादा पाय मोडतो, एखादे दार निखळते. चौथ्या बदलीपर्यंत कपाट केवळ सुताराच्या कृपेने उभे असते.

नाशिकला बदलून आलेल्या एका बँक अधिकाऱ्याच्या घरी तर कपाट उरलेच नव्हते. आधीच्या गावाहून निघतानाच ते विकून टाकले होते. नवी जागा दोन खोल्यांची. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, ही घरमालकाची पहिली अट. अनामत रक्कम भरल्यावर नव्या फर्निचरसाठी हाती काही शिल्लक नव्हते. स्वयंपाकघराचे कसेबसे निभावले. प्रश्न राहिला तो मुलीच्या पुस्तकांचा.

मुलगी आठवीत होती आणि ही तिची चौथी शाळा. तिची पुस्तके चार खोक्यांत, सुतळी बांधलेली, कोपऱ्यात पडून होती. हवे ते पुस्तक वरच्या फटीतून ओढून काढायचे आणि वाचून झाले की त्याच फटीतून आत सरकवायचे, असा तिचा क्रम.

"अगं, निदान सुतळी तरी सोड," आई एकदा म्हणाली.

"कशाला? परत बांधायचीच आहेत ना," मुलीने मान वर न करता सांगितले.

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. आईला तेच जास्त लागले. गेल्या दोन गावांत या मुलीने एकाही मैत्रिणीला घरी बोलावले नव्हते, हे तिला त्या दिवशी प्रथमच जाणवले.

आईने आधी सोपा उपाय केला. सुतळी सोडून चारही खोकी आडवी केली, तोंडे समोर आणली आणि एकावर एक रचली. झाली मांडणी! आठवड्याभरात खालच्या खोक्याच्या बाजू फुगल्या आणि वरच्या खोक्याच्या पोटाला झोळ पडला.

नवऱ्याने सांगितले, "अगं, सुताराकडून दोन फळ्या आणतो. पुठ्ठा तो पुठ्ठाच."

"अहो, फळीला खिळा लागतो," ती म्हणाली.

पुठ्ठा तो पुठ्ठाच, ही आपली समजूत मात्र खरी नाही. खोक्याचा पुठ्ठा म्हणजे एक जाड कागद नव्हे. दोन सपाट कागदांच्या मध्ये लाटालाटांचा तिसरा कागद चिकटवलेला असतो, पन्हळी पत्र्यासारखा. तीन थरांचा पुठ्ठा साधारण तीन-चार मिलिमीटर जाड असतो, तर दोन पन्हळी असलेला पाच थरांचा सहा-सात मिलिमीटर. सगळी ताकद असते ती या पन्हळीत, आणि तीही एकाच दिशेने. पन्हळीच्या नळ्या उभ्या असतील तर पुठ्ठा वरचा भार खांबासारखा पेलतो. त्याच नळ्या आडव्या झाल्या की भार आल्यावर त्या चेपत जातात. खोके उभे असताना त्याच्या चारही बाजूंच्या नळ्या उभ्या असतात, कारण गोदामात एकावर एक रचलेला माल त्याला सोसायचा असतो. खोके आडवे करून तोंड समोर आणले की बाजूंच्या नळ्या आडव्या होतात. शिवाय पुस्तके ज्यावर ठेवायची त्या भागाच्या नळ्या डावीकडून उजवीकडे न जाता पुढून मागे जातात. म्हणजे खांबही चुकला आणि तुळईही चुकली. रचलेली खोकी खचतात ती यामुळे.

हे तिला उमगले ते पिंपळगाव बसवंतला. शेजारणीच्या माहेरी द्राक्षांचा हंगाम होता आणि पॅकिंगच्या शेडमध्ये बायका सपाट पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून एकेक तुकडा उचलून, हाताला एक झटका देऊन त्याची पेटी उभी करत होत्या. ना डिंक, ना खिळा. एका कडेची जीभ दुसऱ्या कडेच्या खाचेत गेली की पेटी घट्ट. संध्याकाळी उरलेल्या पेट्या त्याच बायकांनी पुन्हा सपाट करून ठेवल्या. बाकीच्या पाहुण्या द्राक्षे खात होत्या आणि ही बाई रिकामी पेटी उलगडून पुन्हा मिटत बसली होती.

घडीच्या खोक्याचा इतिहासही गमतीचा आहे. पन्हळी कागदाचे पहिले पेटंट १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले गेले, ते पुरुषांच्या उंच टोप्यांना आतून अस्तर लावण्यासाठी. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी तो कागद बाटल्या आणि दिव्याच्या काचांभोवती गुंडाळायला वापरला. पुढे १८७९ मध्ये ब्रुकलिनचे कागदी पिशव्यांचे कारखानदार रॉबर्ट गेअर यांच्या छापखान्यात घडीची रेघ पाडणारी धातूची पट्टी जागची सरकली आणि तिने पिशव्याच कापून टाकल्या. माल वाया गेला, पण कापणे आणि घडी पाडणे ही दोन्ही कामे एकाच दाबात होऊ शकतात, हे गेअर यांच्या ध्यानात आले. आज घरोघरी येणारे प्रत्येक घडीचे खोके त्या फसलेल्या छपाईचे ऋणी आहे.

आईला शिवणकाम येत होते, आणि इथे तेच कामी आले. पोलके बेतताना आधी कागदावर आखायचे आणि शिवणीसाठी माया सोडायची, हे तिच्या हातात मुरलेले होते. पुठ्ठ्यालाही माया लागते. काटकोनात घडी घातली की पुठ्ठ्याची जाडी मापातून थोडी खाऊन जाते. म्हणून दर घडीला जवळपास जाडीइतके माप जास्त धरावे लागते. पहिल्या दोन प्रयत्नांत तिने ते धरले नव्हते आणि शेवटची कड पहिल्या कडेपर्यंत पोहोचलीच नाही.

तिने आखलेला खण असा होता. आतून ४० सेंटिमीटर रुंद, ३० उंच, २५ खोल. तळ, एक बाजू, छत, दुसरी बाजू आणि शेवटी पाच सेंटिमीटरची चिकटपट्टी, हे सर्व एकाच लांब पट्ट्यातून. नळ्या या पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने ठेवायच्या आणि घडीच्या रेघा त्यांना आडव्या पाडायच्या. अशी घडी घातली की बाजूंच्या नळ्या आपोआप उभ्या होतात आणि तळ-छताच्या नळ्या डावीकडून उजवीकडे जातात. खांब आणि तुळई दोन्ही जागेवर! त्यासाठी सुमारे दीड मीटर लांबीचा सलग पुठ्ठा हवा होता. तो फ्रिजच्या खोक्यात मिळतो, आणि त्याच्या नळ्याही नेमक्या उंचीच्याच दिशेने असतात. विद्युत उपकरणांच्या दुकानदाराने तीन खोकी फुकट दिली, वर विचारले, "ताई, लग्नघरात आहेर बांधायचाय का?"

रेघ पाडायला धारदार काही चालत नाही. वरचा कागद कापला गेला की घडीचा सगळा जोर गेला. शाई संपलेले बॉलपेन पोलादी पट्टीला लावून दोन-तीनदा दाबून ओढले की नळ्या तेवढ्याच ठिकाणी चेपतात आणि घडी सरळ बसते.

रुंदी ४० सेंटिमीटरच का, असे मुलीने विचारले. तोवर ती लांबून का होईना बघू लागली होती. कारण असे की फळीची लांबी दुप्पट केली आणि तिच्यावर तशीच दाटीने पुस्तके ठेवली, तर झोळ दुप्पट नव्हे, सोळापट पडतो. शाळेच्या पुस्तकांनी भरलेल्या ४० सेंटिमीटरच्या खणावर दहा-बारा किलोचा भार सहज येतो. शिवाय छताची पुढची कड पाच सेंटिमीटर खाली दुमडून तिची दोन टोके बाजूंच्या खाचांत अडकवली होती. उभ्या पट्टीची उंची दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो. तेवढी घडी छताला वाकू देत नाही.

तरीही खण डुलत होता. मागे पाठ नसलेली चौकट बाजूला कलंडणारच. म्हणून तिने पुठ्ठ्याची पाठ कापली आणि तिच्या जिभा खणाच्या मागच्या खाचांत बसवल्या. खण एकदम ठाम झाला. चार दिवस त्यावर तांदळाची पिशवी ठेवून पाहिली, कारण पुठ्ठा एका रात्रीत जे पेलतो ते महिनोन्‌महिने पेलेलच असे नसते. सततच्या ओझ्याखाली तो हळूहळू दबत जातो, म्हणून ताकदीच्या निम्म्याहूनही कमी भार टाकावा.

आणि मग एका दुपारी मुलीने, कुतूहलाने की कंटाळून, ती पाठ ओढून काढली. पुढची कड खाचांतून सोडवली, खणाला बाजूने हलकेच ढकलले, आणि तो सगळा आडवा होऊन चटईवर सपाट पडला.

"आई, हा मिटतो!"

आईने हे योजले नव्हते. डुलणे हा दोष म्हणून तिने पाठ लावली होती, आणि तीच पाठ काढली की खण घडी होऊन हातात येत होता. मुलीने तो तीनदा उभा केला, तीनदा मिटला. त्या रविवारी दोघींनी मिळून आणखी पाच खण कापले. पुस्तके मुलीने स्वतः लावली. आधी उंचीप्रमाणे, आणि दुसऱ्या दिवशी ती सगळी काढून, कोणते पुस्तक कोणत्या गावात घेतले त्याप्रमाणे.

पुठ्ठ्याच्या फर्निचरला हसण्याचे काही कारण नाही. अमेरिकेतले वास्तुविशारद फ्रँक गेहरी यांनी पुठ्ठ्याचे थर एकमेकांना चिकटवून केलेल्या खुर्च्या १९७२ मध्ये बाजारात आणल्या होत्या. २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्ये जपानचे शिगेरू बान यांनी कागदाच्या नळ्यांची घरे उभी केली. २०२० मध्ये दिल्लीत छतरपूरला करोनाच्या रुग्णांसाठी दहा हजार खाटांचे केंद्र उभारले, तेव्हा तिथे पुठ्ठ्याच्या खाटा वापरल्या गेल्या. मुंबईच्या 'आरंभ' या संस्थेने तर जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून असे दप्तर केले की ते वर्गात उलगडले की जमिनीवर बसणाऱ्या मुलांसाठी लिहायचे मेज होते. ही सारी उदाहरणे घाईच्या, गरजेच्या वेळची आहेत असे कोणी म्हणेल. बदलीच्या घरात दुसरी कुठली वेळ असते?

खरी परीक्षा दोन वर्षांनी झाली. बदली झाली रत्नागिरीला, आणि तीही जूनमध्ये. सहा खण मिटून, सुतळीने बांधून, ट्रकमध्ये गादीच्या मागे उभे करून नेले. ट्रकमधून उतरलेली पहिली वस्तू ना मोडलेली, ना खरचटलेली, असे त्या घरात प्रथमच घडले. मुलीने सामान लागायच्या आधी आपले खण उभे केले.

जुलैच्या मध्यावर मांडणी एका बाजूला झुकली. कागद हवेतले पाणी पितो. अगदी दमट हवेत पुठ्ठ्याची भार सोसण्याची ताकद कोरड्या हवेतल्यापेक्षा निम्म्यावर येते आणि थर जोडणारी स्टार्चची खळही सैलावते. नाशिकच्या हवेत बेतलेला खण कोकणच्या पावसाला कसा पुरणार? मुलगी त्या वर्षी दहावीला होती. ओलसर झालेले विज्ञानाचे पुस्तक पंख्याखाली धरून ती गप्प बसून राहिली, आणि आईला वाटले, आता ही पुन्हा सुतळी मागणार.

तिने पट्टी मागितली.

पहिली गोष्ट, मांडणी बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. घरमालकाच्या माळ्यावर आंब्याच्या दोन लाकडी पेट्या पडून होत्या, त्या उलट्या घालून मांडणी जमिनीपासून उचलली. कापलेल्या कडा, जिथून नळ्यांची तोंडे उघडी असतात, तिथूनच ओल भरभर आत शिरते. म्हणून कोरड्या उन्हाची दोन दिवस वाट पाहून त्या कडांना कागदी पट्टी चिकटवली आणि सगळ्याला व्हार्निशचे दोन हात दिले. तळाच्या खणांत मधोमध आणखी एक उभा पुठ्ठा, अर्ध्या-अर्ध्या खाचा पाडून, अडकवला. सरबताच्या बाटल्यांच्या खोक्यात असतो तसा. खळीच्या वासाने कसर येते म्हणून सासूबाईंनी फोनवरून कडुलिंबाचा पाला घालायला सांगितले, तोही घातला. दोन खण मात्र वाचले नाहीत. ते रद्दीत गेले, किलोच्या भावाने.

ऑक्टोबरमध्ये मुलीच्या वर्गातल्या तिघी अभ्यासाला घरी आल्या. त्यांतल्या एकीने मांडणीवरून हात फिरवून विचारले, "ही कुठून आणली?"

"नाशिकहून," मुलगी म्हणाली, "पण अर्धी इथलीच आहे."

बारावीनंतर ती पुण्याला वसतिगृहात गेली. जाताना दोन खण मिटून बरोबर नेले. पंधरा दिवसांनी रात्री तिचा फोन आला. शेजारच्या खाटेवरच्या मुलीलाही एक खण हवा होता आणि फ्रिजचे खोके मिळाले होते.

"आई, रेघ नळ्यांना आडवीच ना?"

"आडवीच. आणि पेन शाई संपलेलं घे."

"माया किती सोडू?"

"आधी जाडी मोज पट्टीने," आई म्हणाली, "आणि पाठ शेवटी काप, खण उभा राहिल्यावर."