'लॉर्ड' म्हणू नका

शार्दुल ठाकूरला कुणी 'लॉर्ड' म्हटलं की पालघरवाल्यांची कॉलर ताठ व्हायला हवी. माझी होत नाही. ते मीम्स मीही फॉरवर्ड केलेत. पण त्यातली गंमत कशावर उभी आहे? या माणसात खास काही नाही, तरी चमत्कार घडतो, यावर. आणि चमत्कार म्हटलं की मेहनतीचा हिशेब कुणी मागत नाही.

बास्केटबॉलमध्ये अशा खेळाडूला 'रोल प्लेअर' म्हणतात. संघ त्याच्याभोवती बांधला जात नाही. स्टार्सकडून जे राहतं ते त्याने करायचं. रॉबर्ट हॉरी एकदाही ऑल-स्टार झाला नाही, पण तीन संघांकडून मिळून एनबीएची 7 विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत.

शार्दुलचा रोल म्हणजे चौथा वेगवान गोलंदाज आणि आठव्या क्रमांकाचा फलंदाज. अडचण अशी की ही जागा बहुतेक वेळा परदेशातच निघते. घरच्या खेळपट्ट्यांवर ती फलंदाजी येणाऱ्या फिरकीपटूंना जाते.

2018 मध्ये हैदराबादला पहिली कसोटी मिळाली आणि 10 चेंडू टाकून तो जायबंदी झाला. दुसरी थेट जानेवारी 2021 मध्ये, ब्रिस्बेनला. तीही बुमराह, अश्विन, जडेजा असे एकेक जण दुखापतीने बसले म्हणून. 6 बाद 186 वरून वॉशिंग्टन सुंदरसोबत 123 धावांची भागीदारी झाली. शार्दुलने खातं उघडलं ते पॅट कमिन्सला षटकार मारून. 67 धावा आणि सामन्यात 7 बळी. त्यानंतर इंग्लंडचा संघ इथे 4 कसोटी खेळून गेला, त्यातली एकही याच्या वाट्याला आली नाही. पुढची कसोटी ऑगस्टमध्ये, इंग्लंडात. तिथे ओव्हलवर 57 आणि 60. 2022 मध्ये जोहान्सबर्गला एका डावात 61 धावांत 7 बळी, आणि तो सामना आपण हरलो.

यात नशीब कुठे आहे? बोईसरच्या तारापूर विद्यामंदिरकडून खेळणाऱ्या या मुलाला दिनेश लाड सरांनी हेरलं आणि बोरिवलीला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. 2006 मध्ये हॅरिस शील्डमध्ये त्याने एका षटकात 6 षटकार मारले होते. म्हणजे बॅट त्याच्या हातात शाळेपासूनच होती. तेव्हा मुंबईची लोकल विरारलाच संपायची. डहाणूपर्यंत ती आली 2013 मध्ये. त्याआधी सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसरच्या पोरांचा दिवस शटलच्या वेळापत्रकावर चालायचा. गाडी आपल्यासाठी थांबत नाही, आपण आधी फलाटावर असायचं, हे या पट्ट्यात वेगळं शिकवावं लागत नाही.

रोल प्लेअरची नोकरी कधी पक्की होत नाही. नोव्हेंबर 2024 च्या आयपीएल लिलावात त्याला कुणीच घेतलं नाही. जानेवारीत त्याने रणजीत जम्मू-काश्मीरविरुद्ध 51 आणि 119 केल्या. मार्चमध्ये मोहसिन खान जायबंदी झाला, लखनऊने बोलावलं, आणि दुसऱ्याच सामन्यात हैदराबादचे 4 गडी. दार पुन्हा दुसऱ्याच्या दुखापतीने उघडलं. आत जाऊन खेळायचं काम मात्र त्याचंच होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडेही सिस्टिम नीट चालू असली की ती सांभाळणारा कुणाला आठवत नाही. म्हणून मला तो 'लॉर्ड' वाटत नाही, आपल्यातला वाटतो. 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर त्याने अंधेरीहून घरी जायला ट्रेनच पकडली होती. डब्यातले लोक गूगलवर फोटो काढून खात्री करत होते, हा तोच का.