चार इमलीची बाजारपेठ आणि दोनशे रुपयांची नोट

मुंबईहून उत्तरेकडे निघालेली गाडी भुसावळ, खंडवा, इटारसी ही मोठी स्थानके मागे टाकून नर्मदेचा लांबच लांब पूल ओलांडते, बुधनीची डोंगरझाडी चढते आणि मग भोपाळ शहर येते. आपल्या गावचा मनुष्य या शहरात सहसा दोन कारणांनी जातो: तलाव व मशिदी पाहावयास, नाही तर नोकरीनिमित्त तिकडे राहिलेल्या नातलगांस भेटावयास. माझे जाणे दुसऱ्या कारणाने झाले. भाचजावई मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत आहेत व त्यांचे सरकारी निवासस्थान चार इमली या वस्तीत आहे.

भोपाळचे जुने शहर बेगमांचे. १८१९ ते १९२६ या काळातील बहुतेक वर्षे या संस्थानाचा कारभार स्त्रियांनी पाहिला. अशी गोष्ट हिंदुस्थानच्या इतिहासात विरळाच. संस्थान १ जून १९४९ रोजी केंद्र सरकारच्या कारभाराखाली आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश निर्माण झाला, तेव्हा भोपाळ त्याची राजधानी ठरले. तोपर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरच्या सचिवालयातील पुष्कळ कारकून व अधिकारी आपली बिऱ्हाडे उचलून भोपाळास आले. त्यांत मराठी कुटुंबे होतीच. म्हणून त्या शहरात आजही भाजीच्या गाड्यापाशी एखादी आजी शुद्ध नागपुरी मराठीत नातवाला रागावताना ऐकू आली, तर नवल वाटावयास नको.

राजधानीबरोबर नवे भोपाळ वाढले. त्याच्या वस्त्यांची नावेही मोठी गमतीची. बसच्या थांब्यांस जे क्रमांक दिले होते, तेच पुढे वस्त्यांस व बाजारांस चिकटले. ‘पाच नंबर’, ‘सात नंबर’, ‘दस नंबर’ असे म्हटले की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. अशा आकड्यांच्या शेजारी ‘चार इमली’, म्हणजे चार चिंचा, हे नाव कानास फार गोड लागते. येथे मंत्र्यांचे व मोठ्या अधिकाऱ्यांचे बंगले आहेत, सरकारी निवासस्थाने आहेत, रस्त्यांच्या कडेला दाट सावली आहे. सकाळी एकांत पार्कमध्ये फिरणाऱ्यांची गर्दी असते. जवळच बिट्टन मार्केट आहे व तेथे भाजीचा हाट भरतो.

मोठ्यांच्या या वस्तीत बाजारहाट मात्र मोठी माणसे क्वचितच करतात. दुकानाच्या फळीपाशी उभे राहिले म्हणजे ध्यानात येते की, आलेले बहुतेक लोक बंगल्यांवरचे माळी, स्वयंपाकी, मोटारचालक आणि घरकामाच्या बाया आहेत. त्यांच्या हाती नोट दुसऱ्याची असते, यादी दुसऱ्याची असते आणि परत आणावयाचा हिशेबही दुसऱ्यास द्यावयाचा असतो. फळीच्या आत जो मुलगा असतो त्याचीही तीच अवस्था. गल्ला मालकाचा आणि जबाबदारी त्याची. एका नोटेच्या दोन्ही टोकांस गरीब मनुष्य उभा आहे, हे चित्र मला तेथे प्रथम स्पष्ट दिसले.

पहिल्या दोन-तीन दिवसांत मी भाचीबरोबर एका किराणा दुकानी गेलो. दुकानाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अशी दुकाने आपल्याकडेही आहेत. काउंटरवर एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा होता. आम्ही काय मागतो याकडे त्याचे लक्ष नव्हते. दोनदा विचारले तेव्हा मान वर न करता त्याने बोटाने फडताळ दाखविले. सुटे दोन रुपये मागताच “छुट्टा नहीं है” असे म्हणून दोन गोळ्या पुढे सरकविल्या. भाचीने दहा रुपयांचे नाणे देऊ केले, तर ते “चलता नहीं” म्हणून परत लोटले. काउंटरच्या वर पाटी होती: पैसे मोजून घ्या, नंतर तक्रार ऐकली जाणार नाही.

यांतील नाण्याची गोष्ट अगोदर सांगतो, कारण ती गावोगावी ऐकू येते. दहा रुपयांची नाणी निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या नक्षीची निघाली. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की, तोवर निघालेल्या सर्व चौदा नमुन्यांची नाणी चालू आहेत. चार आणे व त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर बंद झाली. पन्नास पैशांचे नाणे मात्र कायद्याने आजही चलन आहे. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया व त्यावरील नाण्यांनी एका वेळी हजार रुपयांपर्यंतचे देणे फेडता येते आणि पन्नास पैशांच्या नाण्यांनी दहा रुपयांपर्यंतचे. गोळीने कोणतेही देणे फिटत नाही. दुकानदाराने ती देऊ करावी, ग्राहकाने हवी तर घ्यावी, सक्ती नाही.

सुट्यांचा हा तंटा नवा नव्हे. १ एप्रिल १९५७ पासून आपल्या देशात दशमान नाणी आली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होते. आता शंभर ‘नवे पैसे’ झाले. शंभरास सोळांनी भागले तर सव्वासहा येतात. तेव्हा एका आण्याचे सहा नवे पैसे धरीत, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस. पाव पैसा कोणाच्या पदरात पडावा, यावरून दुकानोदुकानी वाद होत. पुढे जून १९६४ मध्ये ‘नवे’ हा शब्द गेला. पाव पैशाचा तो प्रश्न आज दोन रुपयांचा झाला आहे, एवढेच.

आता मुख्य गोष्ट. एके सायंकाळी भाचीने घरकामाच्या अम्मांना पाचशेची नोट देऊन त्याच दुकानी पाठविले. चहा, साबण व थोडी डाळ मिळून १२८ रुपयांचे सामान झाले. परत यावयास हवे होते ३७२. अम्मांनी घरी येऊन पैसे टेबलावर ठेवले, तेव्हा ते भरले ५७० आणि वर दोन गोळ्या. दोनशेच्या दोन कोऱ्या नोटा एकमेकींस घट्ट चिकटून आल्या होत्या. पाचशेची नोट गेली, सामान आले आणि नोटेपेक्षा अधिक पैसे घरी परतले!

भाचीचा मुलगा कॉलेजात आहे. तो हसून म्हणाला, “मामाआजोबा, हिशेब फिटला. इतके दिवस यांनी आपल्याला गोळ्या खाऊ घातल्या, ते पैसे आज वसूल झाले. आणि तुम्ही पाहिलेत ना, तो बोलतो कसा? शिवाय पाटीच आहे की, नंतर काही ऐकणार नाही.” थोडे थांबून त्याने पुस्तीही जोडली, “अगदी परतच करायचे, तर १९८ करू. दोन रुपये आपले आहेत.”

वाचकहो, मुलाचे बोलणे थट्टेचे असले, तरी ते उडवून देण्याजोगे नव्हते. आपणही मनात असाच जमाखर्च मांडीत असतो. समोरचा उद्धट वागला की त्याच्याशी चोख वागण्याचे बंधन सुटले, असे वाटू लागते. म्हणून मी त्याला एकच विचारले, “गोळ्यांचा नफा कोणाच्या खिशात गेला?” तो म्हणाला, “मालकाच्या.” “आणि आज रात्री गल्ल्यात दोनशे कमी भरले, तर ते कोण देईल?” तो गप्प झाला. उत्तर अम्मांनी दिले. त्यांचा स्वतःचा मुलगा अशाच एका दुकानी कामास होता. रात्री गल्ला मोजतात, तूट निघाली की ती पगारातून कापतात, हे त्यांना पुरते ठाऊक होते. “लड़के का कटेगा,” त्या एवढेच म्हणाल्या आणि पायांत चपला घालू लागल्या.

सारी फिटंफाट येथेच चुकते. ज्याने आपले दोन रुपये ठेवले तो एक, आणि ज्याचे दोनशे आपल्याकडे आले तो दुसरा. एकाचे ऋण दुसऱ्याच्या माथी मारून कोणताही हिशेब पुरा होत नाही.

मी व तो मुलगा अम्मांबरोबर गेलो. काउंटरवरचा मुलगा आम्हांस पाहताच, आमचे तोंड उघडण्यापूर्वीच, ओरडला की पैसे मोजून दिले होते, आता काही चालणार नाही. आणि पाटीकडे बोट दाखविले. अम्मा शांतपणे म्हणाल्या, “कम नहीं, ज़्यादा दिए हैं।” त्यांनी दोनशेची नोट ठेवली व तिच्याशेजारी दोन गोळ्या ठेवल्या. “ये भी तुम्हारे हैं।” मुलाने नोट उचलली, उजेडात धरली आणि तो एकदम मवाळ झाला. मग त्याने गल्ल्याचा खण ओढला आणि दोन रुपयांचे नाणे काढून अम्मांच्या हातावर ठेवले. नाणे तेथेच होते. आभाराचा शब्द निघाला नाही. मागे गिऱ्हाईक उभे होते, त्याला तो पुढचे सामान देऊ लागला.

परतताना कॉलेजातला मुलगा कुरकुरला की, निदान ‘धन्यवाद’ तरी म्हणावयाचे होते. अम्मा हसल्या. मलाही तेव्हा जाणवले की, आपण जे परत केले ते त्याचेच होते; दान नव्हते की त्याने आभार मानावेत. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या बहात्तराव्या कलमाचेही सांगणे हेच: चुकीने हाती आलेला पैसा ज्याचा त्यास परत केला पाहिजे. त्यात देणाऱ्याच्या स्वभावाची अट घातलेली नाही. आपल्या घरी धर्मशिक्षणात सातवी आज्ञा शिकवितात, तेव्हाही हेच सांगतात की, परक्याचे जाणूनबुजून ठेवून घेणे हे घेण्यासारखेच आहे आणि पश्चात्तापाबरोबर भरपाई आली पाहिजे. जक्कयाने नुसते अश्रू गाळले नाहीत, चौपट परत करण्याचे कबूल केले, हे आपल्या मुलांस तोंडपाठ असते.

याचा अर्थ उद्धटपणा मुकाट्याने सोसावा, असा मुळीच नाही. गोळी नको असेल तर “सुटे द्या, नाही तर पुढच्या वेळी हिशेबात धरा” असे स्वच्छ सांगावे. छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात. तिच्याहून अधिक मागितले तर पावती मागावी. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्र आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. आपल्या महाराष्ट्रात १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने हजारो कुटुंबांस एकत्र खरेदी करावयास व हक्क मागावयास शिकविले आहे. तक्रार करावी ती चुकीच्या गोष्टीची, योग्य त्या माणसाकडे, आणि दोन रुपये मागावे तर दोनच. आपणही घरून सुटे घेऊन निघावे आणि सकाळी पहिल्या गिऱ्हाइकानेच पाचशेची नोट पुढे करू नये, हेही तितकेच खरे. आता मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाल्याने सुट्यांचा तंटा पुष्कळ मिटला आहे. पण एखादे शून्य अधिक पडून दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यात येऊ शकतात, तेव्हा परीक्षा तीच असते.

ही हकीकत येथे सांगण्याचे कारण असे की, आपल्या गावांतील मुले-मुली आता वसई, विरार, ठाणे येथील मोठ्या दुकानांत काउंटरवर उभी राहू लागली आहेत. दिवसभर उभे राहून पाय भरून येतात, शेकडो माणसे येतात, त्यांत निम्मी त्यांच्याकडे न पाहताच पैसे टाकून जातात. त्यांच्या हातूनही कधी चिकटलेली नोट जाईल आणि त्या रात्री आपल्याच घरातील पगार कमी होईल. तेव्हा तुम्ही बाजारात गेलात की पैसे तेथेच, देणाऱ्याच्या समोर मोजा. कमी असतील तर सांगा. अधिक असतील तर त्याच आवाजात, तेवढ्याच लवकर सांगा. आणि बरोबर मूल असेल, तर ती नोट परत करण्याचे काम त्याच्या हातून करवा.