पहिले ताट



शाळू निसवायला लागला, हरभऱ्याच्या घाट्यात दाणा धरू लागला आणि पहाटेच्या थंडीत शेकोट्या पेटू लागल्या, की आमच्या घरी नाताळाची चाहूल लागते. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हा सण नसेल. म्हणून आधी आमच्या घराविषयी दोन शब्द सांगते.

आम्ही नगर जिल्ह्यातले कोरडवाहू शेतकरी. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली अहमदनगरला सुरू झाले. त्या शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. पुढे खेडोपाडी शाळा निघाल्या, लहानलहान मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी एका मंडळीत माझे पणजोबा गेले. धर्म बदलला, पण जमीन तीच, बैल तेच, भाकरीही तीच. भजनाला टाळ-मृदंगही राहिले. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, त्यांनी अभंग आणि कीर्तन आमच्या उपासनेत पक्के रुजवले. त्यामुळे नाताळच्या पहाटे आमची भजनाची दिंडी निघाली, की नवख्या पाहुण्याला एकादशीच आहे असे वाटायचे.

सणाची तयारी पंधरा दिवस आधीपासून चाले. आई आणि आजी भिंती पांढऱ्या मातीने पोतारायच्या, अंगण शेणाने सारवायच्या. बाबा बांबूच्या कामट्या तासून चांदणी करायचे. तिला पतंगाचा तांबडा-पिवळा कागद खळीने चिकटवायचा, आत कंदील ठेवायचा आणि चांदणी उंच काठीला बांधून छपरावर उभी करायची. रानात राखणीला गेलेल्या माणसालासुद्धा ती दिसे. करंज्या करायला शेजारच्या बायका यायच्या. दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे लाटायला जायचो, नाताळात त्या आमच्याकडे.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी गोठ्यातली गव्हाण झाडून धुऊन काढायची, हा आमच्या घरचा नेम. येशूबाळाला गव्हाणीत ठेवले होते, हे शहरातल्या मुलांना चित्र दाखवून सांगावे लागते. आम्हाला सांगावे लागले नाही. आमची गव्हाण समोरच होती. आजी तीत पेंढी सोडायची, बैलांच्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "आधी ह्यांचं, मग आपलं."

पण आजीचा खरा नेम दुसऱ्या दिवशीचा. देवळातून उपासना करून आलो, की फराळाची ताटे भरायची. सगळ्या आळीत ताटे जायची. मात्र पहिले ताट ज्या घराशी आपला अबोला असेल, त्या घरी गेले पाहिजे. वेदीपाशी अर्पण आणलेस आणि भावाचे मन तुझ्याविषयी दुखावलेले आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी भावाशी समेट कर, अशी शिकवण मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. आजीला वाचता येत नव्हते, पण एवढे तिने पक्के धरले होते. एरवी हा नेम सोपा होता. कोणाशी गुरावरून तंटा, कोणाशी कोंबडीवरून. ताट गेले की तंटा मिटे.

१९७० साली मात्र अबोला घरातच आला. बाबा आणि थोरले तात्या यांची वाटणी झाली. जमीन वाटता आली, विहीर कशी वाटायची? चार-चार दिवसांची पाळी ठरली. एकदा तात्यांचा गहू ओंबीवर असताना बाबांनी पाळी मोडली. तात्या आले, शब्दाला शब्द लागला, आईबापांचा उद्धार झाला आणि दोन्ही दारे बंद झाली. चूक आमची होती हे आज मला कळते. तेव्हा बाबांचे बरोबर असेच वाटायचे.

त्या नाताळात आईने पहिले ताट तात्यांकडे पाठवले. ते झाकलेल्या रुमालासकट परत आले. १९७१ साली मोठ्या आईने ताट ठेवून घेतले, पण रिकामे परत दिले. भगिनींनो, रिकामे भांडे परत देणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. निदान गुळाचा खडा तरी ठेवतात. बाबा म्हणाले, "आता पुरे. पुढच्या वर्षी ताट जायचं नाही." आजी काही बोलली नाही.

पुढचे वर्ष आले ते १९७२ चे. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला, त्यांना वेगळे सांगायला नको. पाऊस गेला, खरीप गेला, रब्बी पेरलीच नाही. ज्या विहिरीसाठी दोघे भाऊ भांडले, तिच्या तळाला भेगा पडल्या. बैल छावणीत नेऊन बांधले. बाबा, आई आणि तात्यांच्या घरची माणसे एकाच पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती, पण एकमेकांकडे बघत नव्हती. रेशनवर तांबडी मिलो मिळे आणि कामावर सुकडी.

चोवीस तारखेला आजीने रिकामी गव्हाण धुतली नाही, कारण पाणी प्यायलाच पुरत नव्हते. कोरड्या फडक्याने पुसली तेवढीच. चांदणीला नवा कागद नव्हता, जुन्यालाच ठिगळे लावली. रात्री आईने डब्यात साठवलेली सुकडी काढली, होता नव्हता तो गूळ किसून घातला आणि लाडू वळले. अकरा झाले. सकाळी तिने पाच ताटात ठेवले आणि मला हाक मारली. बाबा उंबऱ्यात बसले होते. नको म्हणतील असे वाटले. त्यांनी मान फिरवली आणि वाट दिली.

मी अकरा वर्षांची होते. तात्या ओट्यावर बसले होते. ताटावरचा रुमाल त्यांनी स्वतः उचलला.

"किती केले होते गं?"

"अकरा."

"तुमच्याकडं किती राहिले?"

"सहा. एकेक."

त्यांच्या घरात माणसे पाच होती. आईने मोजूनच पाठवले होते. तात्या बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. मग आत गेले. परत आले तेव्हा ताटात ओंजळभर बाजरी होती, राखेने माखलेली. म्हणाले, "आईला दे. म्हणावं, दळू नका."

शेतकऱ्याच्या घरी बाजरीला राख कशाला लावतात, हे तुम्ही जाणताच. ते बियाणे होते. पोटाला चिमटा घेऊन पुढच्या पेरणीसाठी राखलेले. बाबांनी ते ताट हातात घेतले आणि काही न बोलता तसेच बाहेर पडले. तात्यांच्या ओट्यावर त्या दिवशी दोघे काय बोलले, मला ठाऊक नाही. अंधार पडल्यावर घरी आले, तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

१९७३ च्या पावसाळ्यापूर्वी दोघांनी मिळून विहिरीतला गाळ काढला. पाळ्या एका वहीत लिहून ठेवल्या. पाऊस चांगला झाला. ती ओंजळभर बाजरी बाबांनी मुद्दाम दोन्ही शेतांच्या बांधालगत टाकली. पुढे पुन्हा कधी कुरबुर झालीच नाही असे मी म्हणणार नाही. झाली. पण एका नाताळाहून अधिक कधी टिकली नाही.

आज माझी साठी उलटली. आजी, आई, बाबा, तात्या, कोणीच राहिले नाही. माझी नातवंडे विजेची चांदणी लावतात, तालुक्याहून केक आणतात. मला त्याचे वाईट वाटत नाही. गोठ्यात एकच गाय आहे, पण तिची गव्हाण मी अजून धुते. आणि पहिले ताट कोणाकडे जायचे, हे सुनेला विचारते. तिला आता सांगावे लागत नाही.

वाचकहो, तुमच्या घरी नाताळ नसेल, पण दिवाळी असेल, संक्रांत असेल, ईद असेल. तिळगूळ देताना आपण गोड बोला म्हणतो, पण बहुतेकदा गोड बोलणाऱ्यांनाच म्हणतो. या वर्षी एक ताट बांधापलीकडे पाठवून पाहा. ते परत आले, रिकामे आले, तरी पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा. आमचे तिसऱ्या वर्षी भरून आले होते.